तीन पाण्यांचं एन्झाइम

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवी आली. मला विचारलं नाही की सांगितलं नाही. साहेब सकाळी तिला घेऊनच लॅबमध्ये शिरले — "बाई, ही आजपासून तुमच्या हाताखाली. सगळं शिकवा हिला. सगळं." दुसरं 'सगळं' माझ्याकडे रोखून बघत. मी काय दुधखुळी आहे? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझ्या. एकदा हिला सगळं आलं की ती दोन वर्षं संपायची वाट कोण बघत बसणार!

पंचविशीची असेल. केस घट्ट बांधलेले, नखं मुळापासून कापलेली. हातमोजे घालायच्या आधी हात धुतले. काढल्यावर धुतले. माझ्या टेबलाला हात लागला म्हणून परत धुतले! मी मनातल्या मनात बारसं उरकून टाकलं — शिस्तबाई.

६ फेब्रुवारी

शिस्तबाई वही लिहिते. सगळेच लिहितात, पण ही म्हणजे कहर. किती वाजता, किती अंशांवर, कुठल्या बाटलीतून. मी शिंकले तर तेही लिहील.

आज विचारत होती, "मॅडम, कॉलम धुताना तुम्ही कितीवर थांबता? कागदावर दहा पाणी लिहिलंय."

म्हटलं, "कागदावर आहे ना? मग तसंच कर."

"हो मॅडम." आणि लिहिलं.

११ फेब्रुवारी

शेजारची शिवणवाली पडद्यांचं माप घ्यायला आली होती. टेप गळ्यात टाकून तासभर गप्पा. "तुम्ही तिथे नक्की बनवता काय हो? औषध?"

औषध नाही म्हटलं. माणसाच्या पेशीत एक एन्झाइम असतं, एका जातीच्या साखरेचे तुकडे करणारं. संशोधन करणाऱ्यांना ते हवं असतं. आता ते माणसं पिळून तर काढता येत नाही! म्हणून त्याचा नुसता जीन बॅक्टेरियात घालायचा. बॅक्टेरिया वाढले की एका द्रव्याचा थेंब टाकायचा — थेंब पडला की ते कामाला लागतात आणि माणसाचं एन्झाइम बनवत सुटतात. मग त्यांना फोडायचं, रस गाळायचा आणि निकेल लावलेल्या मण्यांच्या नळीतून सोडायचा. तो कॉलम. आपल्या एन्झाइमला मुद्दाम एक शेपटी लावलेली असते, ती मण्यांना धरून बसते. बाकीची घाण पाण्यानं — म्हणजे बफरनं — धुऊन काढायची. शेवटी एन्झाइम सोडवून घ्यायचं, व्हायलमध्ये भरायचं, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. व्हायलवर लेबल: 'फक्त संशोधनासाठी'.

"म्हणजे कोंबडीखाली बदकाची अंडी!" शिवणवाली म्हणाली. हसून हसून पोट दुखलं. अकरा वर्षांत साहेबांना इतकं सोपं करून सांगता आलेलं नाही.

तिला एक मात्र सांगितलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय! पहिल्या वर्षी मी पण कागदाप्रमाणे दहा पाण्यांनी धुवायची. बॅच मेलेली निघायची. चाचणीच्या द्रावणात थेंब टाकायचा — एन्झाइम जिवंत असेल तर द्रावण पिवळं होतं, जितकं लवकर तितकं चांगलं. माझं ढिम्म होत नव्हतं. एक दिवस बफर संपला म्हणून तीन पाण्यांवरच थांबले. मिनिटाच्या आत पिवळं जर्द! तेव्हा कळलं, फार धुतलं की ह्याचा जीव जातो. तेव्हापासून तीन पाणी. अडीचशेच्या वर बॅचेस केल्या, एक फुकट गेली नाही. साहेब चारचौघांत म्हणतात, "बाईंच्या हाताला यश आहे."

कागद तसाच राहिला. दहा पाणी. मी का बदलू? कागद बदलला की हात कुणाचाही चालतो.

१४ फेब्रुवारी

ठमीचा फोन. प्रबंध देऊन झाला, तोंडी परीक्षा चोवीस एप्रिलला. आवाज थकलेला. जेवतेस का, झोपतेस का, असं विचारलं की "हो ग आई" — एवढंच.

चार वर्षं ही मुलगी परगावी, विद्यापीठाच्या लॅबमध्ये, ह्याच एन्झाइमवर काम करते आहे. माझ्या एन्झाइमवर! त्याला अडवणारं एखादं रसायन सापडतं का ते शोधत. साहेबांच्या परवानगीनं दर दोन-तीन महिन्यांनी मी बर्फात घालून एक डबा पाठवते. आईनं पोरीला डबा द्यावा तसा. आमच्या घरात मी पदवीशिवाय राहिले, टेक्निशियन म्हणून चिकटले, आयुष्यभर डॉक्टर लोकांच्या मागं 'हो सर' करत फिरले. आता माझी लेक डॉक्टर होणार आणि तेही माझ्या हातच्या मालावर. दुसरा कसला अभिमान नाही मला. हा मात्र आहे.

१९ फेब्रुवारी

बॅच २६१. शिस्तबाईची पहिली. दहा पाण्यांनी धुतलंन. चाचणीचं द्रावण पंधरा मिनिटं पाण्यासारखं स्वच्छ.

तिचा चेहरा बघवत नव्हता. मी तरी बघितला.

२० फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "पहिलीच आहे. होतं असं." मी म्हटलं, "होतं."

२ मार्च

२६२ पण मेली. ती आता रोज माझ्याआधी येते. कॉलम नवा भरलान, मणी नवे, बफर नवा. तरी काही नाही. होणार कसं!

दुपारी तिनं दोन्ही जेल शेजारी ठेवली — तिचं आणि माझं. जेलवर प्रत्येक प्रोटीनची एक रेघ उठते. तिच्या जेलवर एकच रेघ, आपल्या एन्झाइमची. काळीभोर. माझ्यात ती रेघ, आणि वर एक पुसट.

"मॅडम, ही वरची कशाची?"

"ती असतेच. पहिल्यापासून आहे."

"पण कशाची?"

"अगं, साठ-सत्तर गिऱ्हाइकांना नाही खुपली, तुलाच बरी खुपली!"

परत जेलकडे बघितलंन. मग हळूच — "मॅडम, एक करून बघायचं का? जीन न घातलेले रिकामे बॅक्टेरिया घ्यायचे, आणि तुमच्या हातानं त्यांची एक बॅच करायची. म्हणजे पिवळं नक्की कशानं होतं ते कळेल."

मी चहाचा कप ठेवला. म्हटलं, "रिकाम्या भांड्यातून काय वाढायचं असतं ते तुला तुझ्या आईनं शिकवलं नाही का?" दोघी-तिघी हसल्या. ती पण हसली थोडी. कान लाल झाले होते.

बरोबर वागले का? नाही वागले. पण माझी दोन वर्षं कुणी हिसकावून घ्यायला आलं की मी गोड बोलू शकत नाही.

१० मार्च

२६३. तिसरी.

साहेबांनी दोघींना खोलीत बोलावलं. तीन बॅचेस पाण्यात गेल्या, दोन गिऱ्हाइकं खोळंबलीत. "बाई, तुम्ही सांगा. काय चुकतंय?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. 'साहेब, ती कागदाप्रमाणे करते, मी करत नाही.' बास. जिभेच्या टोकावर होतं.

म्हटलं, "तिचा हात जड आहे. फार धुते. सांगून ऐकत नाही."

सांगून! मी कधी सांगितलं होतं?

शिस्तबाईनं माझ्याकडे बघितलं. वही छातीशी धरली होती. त्या वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं की मॅडम म्हणाल्या, कागदाप्रमाणे कर. ती वही उघडेल आणि माझं थोबाड फोडेल असं वाटलं. उघडली नाही. मोठ्यांना खोटं पाडायचं नाही, असलं काही वळण असेल घरचं. नाहीतर सांगून काही उपयोग नाही हे कळलं असेल.

साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबायची गरज नाही.

११ मार्च

गेली. टेबल पुसलंन, पिपेट जागेवर ठेवल्या, नियमाप्रमाणे वही माझ्याकडे जमा केली. सही घेतली माझी.

"येते मॅडम. तुमच्याकडून शिकायला मिळालं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. मनापासून म्हणाली.

लॅबजवळ राहता यावं म्हणून तिनं खोली बदलली होती. धाकटा भाऊ शिकतो आहे, तो तिच्यापाशीच राहणार होता पुढल्या महिन्यापासून. हे मला आज कळलं, ती गेल्यावर. इतरांना सगळ्यांना माहीत होतं.

१२ मार्च

डोकं दुखतंय. कामावर गेले.

१८ मार्च

२६४ मी केली. तीन पाणी. चाळीस सेकंदांत पिवळं! साहेबांनी टाळी दिली — "याला म्हणतात हात!" आणि मग सांगितलं की नवं माहितीपत्रक छापायचं आहे, त्यात ठमीच्या प्रबंधाचा उल्लेख करणार. 'विद्यापीठातील संशोधनात वापरलेलं एन्झाइम.' तिची चोवीस तारीख पार पडली की लगेच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "मग आता पगार वाढवा म्हणावं." ह्यांना कशाचं कौतुक म्हणून नाही.

२२ मार्च, रविवार

शिस्तबाईची वही वाचली. घरी आणली होती. का आणली, देव जाणे. सही केली होती ना, म्हणजे माझ्याच ताब्यात आहे.

अक्षर मोत्यासारखं. माझ्याविषयी वाईट असा एक शब्द नाही. आणि शेवटच्या पानावर, अकरा मार्च, म्हणजे नोकरी गेल्यावर लिहिलेलं: 'करायचा राहिलेला प्रयोग — रिकाम्या बॅक्टेरियांची बॅच, तीन पाण्यांनी.'

तीन! तिनं मोजलं होतं. मी धूत असताना मागं उभी राहून बघितलं होतंन आणि कुणाला बोलली नाही. तिला कळलं होतं की मी तीनवर थांबते. तरी तिनं स्वतःची बॅच तीनवर थांबवली नाही. थांबवली असती तर नोकरी राहिली असती!

असली कसली ही मुलगी? संताप आला. कुणाचा ते कळेना, पण आला.

२५ मार्च

करून टाकते तो प्रयोग. एकदा तिचं खोटं पडलं की झोप तरी लागेल.

२९ मार्च, रविवार

काल दुपारी रिकाम्या बॅक्टेरियांत थेंब टाकून ठेवला होता. आज सकाळी गेले. पहारेकरी म्हणाला, "काय बाई, सुट्टीच्या दिवशी?" म्हटलं, भांडी घासायची राहिलीत.

लॅबमध्ये मी एकटी. फोडले, गाळले, कॉलममधून सोडले. तीन पाणी. सोडवून घेतलं. ह्यात माणसाचं काही नाही. शून्य. रिकामं भांडं.

चाचणीच्या द्रावणात थेंब टाकला आणि घड्याळ बघितलं.

पन्नास सेकंदांत पिवळं.

वाटलं, ट्यूब उष्टी असेल. नवी घेतली. पिवळं. तिसरी. पिवळं. मग उरलेला रस परत कॉलममधून सोडून दहा पाण्यांनी धुतलं — स्वच्छ. काही नाही. पंधरा मिनिटं उभी राहिले. काही नाही.

स्टुलावर बसले. हातमोजे काढायचे सुचले नाहीत.

३० मार्च

जेल चालवलं. रिकाम्या बॅचमध्ये तीच वरची पुसट रेघ. आपल्या एन्झाइमची रेघ अर्थातच नाही.

आता सगळं उलगडलं, आणि इतकं साधं आहे की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. बॅक्टेरियाकडे स्वतःचंही तसलंच एक एन्झाइम असतं. साखर तीच तोडतं, पिवळंही तसंच करतं. आणि आम्ही जो थेंब टाकतो, त्यानं तेही जागं होतं! दहा पाण्यांनी ते धुऊन जातं. तीन पाण्यांत चिमूटभर मागं राहतं, आणि तेवढं पुरतं. माणसाचं एन्झाइम मण्यांवर बसलेलं असतं खरं, पण मेलेलं. बॅक्टेरियाच्या पोटात ते नीट घडतच नाही. जन्मतःच मेलेलं.

म्हणजे मी अकरा वर्षं जे जपून जपून वाचवत होते ती घाण होती. तिलाच मी हाताचं यश म्हणत होते. अडीचशे बॅचेस. आणि जिनं ती घाण नीट धुऊन काढली, तिला जड हाताची म्हटलं.

आणि ठमी.

ठमीचा प्रबंध. चार वर्षं. माणसाच्या एन्झाइमवर म्हणून जे जे मोजलं, ते सगळं बॅक्टेरियाच्या एन्झाइमवर!

१ एप्रिल

जेवले नाही. ह्यांनी विचारलं नाही.

४ एप्रिल

शेवटी ह्यांना सांगितलं. कोडं बाजूला ठेवलं ह्यांनी, हेच आश्चर्य. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परीक्षकांना कळेल?"

"कळेल असं नाही. त्यांनी व्हायलवरचं लेबल बघायचं. लेबलवर तर माणसाचं म्हणूनच लिहिलंय."

"मग गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीला डॉक्टर होऊ दे. मग काय ते बोल."

"आणि पुढं कुणाच्या लक्षात आलं तर? तिची अब्रू जाईल. जन्मभर कुणी दारात उभं करणार नाही तिला."

"आणि आत्ता सांगितलंस तर वीस दिवसांवर परीक्षा आहे तिची. काय करील ती वीस दिवसांत?"

ह्यांच्याशी भांडायला गेले आणि ह्यांचं म्हणणं पटलं. पटलं याचा जास्त राग आला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या.

८ एप्रिल, बुधवार

साहेबांना सांगितलं. बसले नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"कुणाकुणाला बोललात?"

"घरी फक्त."

"अकरा वर्षांत किती तक्रारी आल्या, बाई?"

"एक नाही."

"मग झालं तर! गिऱ्हाईक खूश आहे. आणि हे काही कुणाच्या पोटात जात नाही. लेबलवर लिहिलंयच आपण, फक्त संशोधनासाठी."

म्हटलं, "साहेब, पण ते संशोधन —"

"संशोधनाचं संशोधक बघतील." मग आवाज एकदम मऊ केला त्यांनी. अशा वेळी माणूस मऊ बोलायला लागला की समजावं, आता सुरी निघणार. "तुमच्या मुलीची चोवीस तारीख ना? मला तिची काळजी वाटते, बाई. हे बाहेर गेलं तर आपल्या कंपनीचं काय व्हायचं ते होईल. तिचं सगळं त्यावरच उभं आहे."

आणि मी दारापर्यंत गेल्यावर — "ती मुलगी हेच म्हणत होती का?"

"हो."

"बरं झालं गेली."

'तिला परत बोलवा' म्हणायचं ठरवून गेले होते. पाठ करून गेले होते. माझ्या तोंडून 'हो साहेब' निघालं.

९ एप्रिल

बॅच २६५ करायला सांगितलं. केली. तीन पाणी.

लाज वाटते हे लिहायला. पण केली.

११ एप्रिल

ठमीला फोन केला. सांगणारच होते. ती म्हणाली, भाषणाची तयारी चालू आहे, आरशासमोर म्हणून बघते. मी म्हटलं, कपडे कुठले घालणार आहेस?

१३ एप्रिल

परत फोन केला. तिला म्हटलं, केस कापून घे.

"आई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय!"

१५ एप्रिल

तिसरा फोन. उचलला नाही तिनं. सुटल्यासारखं वाटलं! आई म्हणायची लायकी नाही माझी.

१६ एप्रिल

दिवसभर एकच विचार. ती फळ्यासमोर उभी आहे आणि माझ्या मालाविषयी बोलते आहे. समोर पाच जण बसलेत. त्यांतला एक जण शिस्तबाईसारखा निघाला तर? 'ही वरची रेघ कशाची?' एवढंच विचारलं त्यानं तर? आणि माझी लेक मी सांगितलेलंच उत्तर देईल — ती असतेच, पहिल्यापासून आहे.

नाही. गेली तर परीक्षा जाऊ दे. पुढं ढकलतील, एक वर्ष जाईल, दोन जातील. शिव्या घालू दे मला. तोंड बघू नको म्हणू दे. पण तिथं आंधळी उभी राहायला नको ती. मी तिला डोळे झाकून डबे पाठवले, आता डोळे झाकून पाठवणार नाही.

हे म्हणाले, "फोनवर सांग, उगाच कशाला जातेस?" फोनवर मी परत केसांचंच बोलेन. मला माहीत आहे मी कशी आहे ते.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळची बस. सहा तास. शिस्तबाईची वही, दोन्ही जेलचे फोटो आणि रिकाम्या बॅचचे आकडे पिशवीत घेतले आहेत. बाजूच्या सीटवर एक बाई स्वेटर विणते आहे, दोन टाके सुटलेत तिचे, तिला पत्ता नाही. सांगावं का? नाही सांगितलं. स्वतःचं बघ म्हटलं आधी.

काय काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून झालं. आधी 'रागावू नकोस' म्हणायचं नाही. तसं म्हटलं की ती पहिल्यापासून रागावायची. सरळ सांगायचं. बस थांबली चहाला, उतरले नाही.

१९ एप्रिल, रविवार

ठमीला माहीत होतं. दुसऱ्या वर्षापासून!

मी सांगायला लागले, पिशवीतून फोटो काढायच्या आतच ती म्हणाली, "आई, राहू दे. मला माहीत आहे." हे एन्झाइम माणसाच्या पेशीत आंबट, म्हणजे आम्ल असलेल्या जागी काम करतं, आणि मी पाठवलेलं आम्ल लागलं की मरायचं. तिला तेवढ्यावरून कळलं. त्यानंतर तिनं दुसरीकडून मागवलं, माणसाच्याच पेशींत बनवलेलं. प्रबंध त्याच्यावर आहे. सगळा खरा आहे. तिला कशाचीही भीती नाही.

लॅबमध्ये नेलं मला. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात माझे चौदा डबे. एकाचंही सील तोडलेलं नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस, आई?"

फ्रीझरचं दार लावलंन. मग तिनं विचारलं, "तू फोनवर म्हणाली होतीस, तुमच्याकडे ती नवीन मुलगी आली होती ना ग? तिच्या नाही आलं हे लक्षात?"

"ती नोकरी सोडून गेली," मी म्हणाले.